पाच ते सहा दहा

२ फेब्रुवारी

बाबा,

वर काय लिहावं यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी नुसतं ‘बाबा’ ठेवलं. तेवढं तरी अजून बदललेलं नाही असं धरून चालते.

अकरा महिन्यांतलं हे पहिलं पत्र. माफी मागायला लिहीत नाही, आणि तुम्ही मागावी म्हणूनही नाही. कामाचं आहे. आत्या ते वाचून दाखवेल, कारण तुम्हाला नेमका आत्ताच चष्मा सापडणार नाही. आत्या, मध्ये स्वतःचं काही घालू नकोस. आहे तेवढंच वाच.

मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. युद्धाच्या शेवटच्या वर्षी, १३ सप्टेंबर ते १४ डिसेंबर, रोज पहाटे पाच ते सहा दहा तुमच्या पंपहाउसमधला मोठा पंप चालू होता का?

तुम्ही म्हणाल, लॉगबुक बघ. बघितलं. पाणी खात्याकडून प्रत मागवली. तुमच्या अक्षरात त्र्याण्णव दिवस ‘पंप बंद’ लिहिलंय. तुम्ही कधी खोटी नोंद केली नाही हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय, तुमच्याकडून नाही, तुमच्या हाताखालच्यांकडून. म्हणून तर विचारते.

कारण सांगते.

नदीच्या दोन्ही काठांना मिळून आमच्या देखरेख केंद्राचे बावीस सेन्सर आहेत, आणि केंद्रात दोन्हीकडची माणसं एकत्र काम करतात. स्फोट झाला की ते वेळ, दिशा आणि जोर टिपतात. युद्धाची सगळी वर्षं मी राजधानीत बसून त्या नोंदी मोजल्या. आता अध्यक्षांचं नाव त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कारासाठी गेलंय. हे तुम्हाला सांगायला नको, त्याची नुसती चर्चा होती तेव्हा त्याच्यावरूनच आपलं बिनसलं. पुरस्कार समितीच्या एक बाई १६ मार्चला नोंदी तपासायला इथे येतायत. त्यांच्यासाठी सरकारनं एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढलीय. तिच्या चौथ्या पानावर असं आहे: ‘कराराआधीच्या शंभर दिवसांत नदीकाठी एकही तास शांत गेला नाही. अध्यक्षांची सही झाली आणि तोफा थांबल्या.’

यातलं पहिलं वाक्य माझं आहे. माझ्या अहवालातून जसंच्या तसं उचललंय. खाली तळटीप आहे, तीत माझं नाव.

ज्या माणसाबद्दल मी आपल्या जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते, ‘ज्यानं आग लावली त्यालाच बंब आणल्याबद्दल बक्षीस?’, त्याच्या पुस्तिकेतला मुख्य पुरावा म्हणजे मी. मला ते सोसलं नाही. वाक्यात कुठे तरी भोक सापडेल या आशेनं मी सगळ्या मूळ नोंदी पुन्हा उघडल्या. हेतू शुद्ध नव्हता, हे मान्य करते.

भोक सापडलं, पण ते माझ्याच कामात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक नियम लिहिला होता. शेजारचे सेन्सर स्फोट ऐकतायत आणि मधला एकच सलग तासभर गप्प आहे, तर तो बिघडलाय असं समजावं आणि त्याचा तो तास नोंदीतून काढून टाकावा. तेव्हा मला त्यासाठी शाबासकी मिळाली होती. युद्धात नदीकाठी तासभर कोणी गोळा टाकणार नाही, आणि तेही एकाच ठिकाणी, हे कोणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

सेक्टर सातचा सेन्सर त्या नियमानं त्र्याण्णव वेळा ‘बिघडला’. रोज पाचला बिघडायचा आणि सहा दहाला दुरुस्त व्हायचा. असा वक्तशीर बिघाड मी दुसरा पाहिलेला नाही.

सेक्टर सात म्हणजे नदीचं वळण. सेन्सरपासून तुमचं पंपहाउस चारशे मीटरवर आहे.

काढून टाकलेले तास मी परत ऐकले. सेन्सर गप्प नव्हता. स्फोट नाहीत, पण खाली एक सलग घुमणारा आवाज आहे, सेकंदाला चोवीस आणि किंचित वर. चौदाशे पन्नास फेऱ्यांचा पंप. आणि त्यात एक टकटक आहे, कपलिंगचं रबर झिजल्यावर येते तशी. ती टकटक ऐकत मी बेरीज-वजाबाकी शिकलेय. तिला मी दुसरं काही म्हणणार नाही.

उत्तर हो किंवा नाही, एवढं पुरे.

– मी


११ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर नाही. आत्याचा फोन मात्र आला, म्हणजे पत्र पोचलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही ऐकताय पण ऐकत नाही आहात, पेपर वाचताय, आणि पेपर उलटा आहे.

मी तिला विचारलं, पंपाचं तुला माहीत होतं का. म्हणाली, मला बाई त्यातलं काय कळतंय, मी आपली सहाला बादल्या भरायची. मी म्हटलं, रोज? म्हणाली, रोज म्हणजे काय, सवयच झाली होती. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं आपण होऊन फोन ठेवला. तिच्यावर रागावू नका. एवढे महिने तिनं एखादी गोष्ट पोटात ठेवली हाच मला या सगळ्यातला सर्वात अविश्वसनीय भाग वाटतो.

तेव्हा पंप चालू होता. आता पुढचं मी मांडते. चुकलं तर सांगा.

गावात सगळ्यांना वाटायचं पाणी जनरेटरवर चढतंय. जनरेटर युद्धाच्या पहिल्याच वर्षी हॉस्पिटलनं नेला, त्या कागदावर तुमचीच सही आहे. पंपाची लाइन नदीखालून पलीकडच्या उपकेंद्रातून येते, कारण हे पाणीघर बांधलं तेव्हा नदी ही सीमा नव्हती. म्हणजे पलीकडे कोणी तरी पाचला स्विच चढवत होतं आणि सहा दहाला पाडत होतं. टाकीतलं अर्धं पाणी पुलावरच्या पाइपनं पलीकडे जात होतं. वीज त्यांची, पंप आपला, पाणी दोघांचं. आणि दोन्हीकडच्या तोफा तेवढा वेळ तोंड मिटून होत्या, कारण पाइप फुटला तर तोफा डागणाऱ्यांनाही प्यायला पाणी मिळालं नसतं. हे त्यांना कोणी तरी समजावलं असणार. आमच्या संपूर्ण केंद्रात एवढं साधं कोणाला समजावता येत नाही.

आता अडचण. शत्रूच्या माणसाशी परस्पर संपर्क ठेवण्याबद्दलचा युद्धकाळचा नियम अजून रद्द झालेला नाही. मी कायदा विभागात विचारलं, कोणासाठी ते न सांगता. खात्यानं ठरवलं तर चौकशी होऊ शकते, नोकरीवरून काढूही शकतात. तुमच्या निवृत्तीला सहा महिने राहिलेत.

माझ्या नावावरचं वाक्य खोटं आहे आणि ते मी दुरुस्त करणार. त्याबद्दल तुम्हाला विचारत नाही, ती चूक माझी आहे. त्र्याण्णव सकाळी सेक्टर सात शांत होता, असं मी लिहीन. पण त्याच्यापुढे ‘कारण’ असा एक रकाना आहे. तिथे मी ‘अज्ञात’ लिहू शकते किंवा तुमचं नाव लिहू शकते. ‘अज्ञात’ लिहिलं तर सरकार म्हणेल, योगायोग. आणि पुस्तिका आहे तशी राहील. तुमचं नाव लिहिलं तर करार होण्याच्या तीन महिने आधी एका पंपवाल्यानं गोळीबार थांबवून दाखवला होता, हे जगातल्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराच्या कागदपत्रांत जाईल, आणि त्याबरोबर तुम्हीही अडचणीत जाल.

त्या सकाळी तुमच्या आहेत. तुम्हाला न विचारता मी त्या कोणाला देणार नाही. नाही म्हणालात तर तेही चालेल. पण म्हणा.

एक गोष्ट विचारायची नव्हती, तरी विचारते. मी पलीकडच्या माणसांबरोबर एकाच खोलीत काम करणार म्हणून नोकरी घेतली तेव्हा तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मी त्याचा अर्थ लावला होता, तुम्हाला लाज वाटते. तो अर्थ बरोबर होता का?

– मी


२३ फेब्रुवारी

बाबा,

पत्र मिळालं. पाणी खात्याच्या कोऱ्या तक्रार-अर्जाच्या मागे लिहिलंत, त्यामुळे आमच्या आवक विभागानं त्यावर शिक्का मारून ते ‘नळाला पाणी नाही’ या सदराखाली माझ्याकडे पाठवलं.

मी ते चार वेळा वाचलं. त्यातल्या काही ओळी इथे उतरवून काढते, बरोबर वाचल्या का ते कळावं म्हणून. तुमचं अक्षर चांगलं आहे, प्रश्न अक्षराचा नाही.

‘पंप चालू होता. लॉगबुकात खोटं लिहिलं. वीज कुठून आली ते लिहिता येत नव्हतं, आणि वीज नाही तर पंप चालू कसा, म्हणून बंद लिहिलं. त्र्याण्णव वेळा. तुझ्यासमोर टेबलाशी बसून मी तुला आकड्यांवरून बोललो तेव्हा हे माझ्या डोक्यात होतं. मोठी टाकी भरायला सत्तर मिनिटं लागतात हे तुला पाठ असायला हवं होतं.’

पाठ होतं. नोंदींत सत्तर मिनिटं दिसली तेव्हाच मला तुम्ही दिसला होतात. पहिल्या पत्रात ते लिहिलं नाही, कारण पुरावा आधी आणि माणूस नंतर, अशी आमची पद्धत आहे.

उपकेंद्रातल्या स्विचवाल्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून मी ऑफिसात हसले, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी घाबरली. पंपहाउस आणि उपकेंद्र जोडणारा खात्याचा जुना फोन अजून चालतो हे तुमच्या दोघांखेरीज कोणालाच आठवत नव्हतं. तुम्ही पाचला पाच कमी असताना विचारायचं, उठलात का, आणि त्यांनी म्हणायचं, तुमच्या लोकांनी झोपू दिलं तर ना. बस, एवढंच रोजचं बोलणं. त्र्याण्णव दिवसांत एकमेकांचं नाव विचारलं नाही, कारण उद्या कोणी विचारलंच तर खरं सांगता यावं, माहीत नाही. बाबा, खोटं न बोलण्यासाठी एवढी तजवीज करणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

आता मोठ्या साहेबांचं. या भागाची मला कल्पना नव्हती.

तुम्ही लिहिता, अध्यक्ष २२ ऑक्टोबरला तोफखाना बघायला आले होते आणि पहाटे साडेपाचला, बरोबर एकच अंगरक्षक घेऊन, पंपाचा आवाज ऐकून आत आले. तारीख पक्की आहे, कारण त्या दिवशी तुम्ही पंपाची गळती थांबवायला ग्लँडची दोरी बदललीत आणि ती तारीख कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहिलेली आहे. त्यांनी पंपाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि विचारलं, वीज कुठली? तुम्ही म्हणालात, पलीकडची, साहेब. मग त्यांनी विचारलं, किती वेळ चालवता? टाकी भरेपर्यंत, सत्तर मिनिटं. आणि ती दुसरी टाकी? ती हॉस्पिटलची, साहेब, तिला आणखी पन्नास लागतात, ती कोरडीच असते. त्यावर ते तुमच्या स्टुलावर बसले आणि सहा दहा होईपर्यंत उठले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, चालू द्या. दुसऱ्या दिवशी आपल्या बाजूच्या तोफांना तोंडी हुकूम आला, पाच ते सात गोळा टाकायचा नाही. तुम्ही पलीकडे फोन करून सांगितलंत, त्यांनी त्यांच्या लोकांना सांगितलं.

माफ करा, मी हे तपासलं. सवय आहे.

चाळिसाव्या दिवसापर्यंत शांतता सत्तर मिनिटांची आहे. एकेचाळिसाव्या दिवसापासून ती एकशे वीस मिनिटांची होते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. तेरा सप्टेंबरपासून मोजलं तर एकेचाळिसावा दिवस २३ ऑक्टोबर येतो. ही पायरी मला महिनाभर दिसत होती आणि तिचं कारण सापडत नव्हतं. मी ती तुम्हाला मुद्दाम सांगितली नव्हती, सगळीकडे सहा दहाच लिहिलं होतं. तुम्ही ती खडूच्या तारखेवरून सांगितलीत. एवढा जुळणारा पुरावा मला सहा वर्षांत मिळालेला नाही.

म्हणजे मी टेबलावर जे म्हणाले ते अर्धं होतं. आग त्यांनीच लावली, ते मी मागे घेत नाही. पहिला हुकूम त्यांचा आहे, वेळेसकट नोंदलेला आहे. पण त्या स्टुलावर बसून त्यांना तुम्हाला पकडता आलं असतं, आणि त्यांनी त्याऐवजी दुसरी टाकी भरू दिली. करारानंतरच्या चौदा महिन्यांत एकही स्फोट नाही, हेही माझ्याच नोंदींत आहे, आणि ते मी कोणासमोर मोठ्यानं म्हटलेलं नाही. आता म्हणते.

‘हे तेव्हाच का नाही सांगितलंत?’ असं मी लिहिणार होते, पण तुम्ही शेवटी उत्तर देऊन ठेवलंयत: ‘सांगितलं असतं तर तू लगेच मोजायला गेली असतीस, आणि ते मोजलं जावं अशी वेळ तेव्हा नव्हती.’ गेले असते.

माझं नाव घाल, असं तुम्ही लिहिलंत. पण साहेबांचंही घाल, जेवढं आहे तेवढं, असंही. मी दोन दिवस थांबते, तुम्ही पलीकडे विचारून घ्या. त्या सकाळी अर्ध्या त्यांच्याही आहेत.

लाजेबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

– मी


७ मार्च

बाबा,

स्विचवाल्यांचा निरोप आत्यानं फोनवर सांगितला: त्यांचं नाव असेल तर माझंही घाला, नाही तर म्हातारा एकटाच भाव खाऊन जाईल. मी तो शब्दशः फायलीत लावलाय, म्हातारा या शब्दासकट.

दुरुस्ती दिली. जुनं वाक्य पुसलं नाही. त्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी नवं वाक्य, तारीख आणि सही. लॉगबुकात खोडायचं कसं ते तुम्हीच शिकवलं होतंत. आमच्या संगणकात अशी रेघ मारायची सोय नव्हती. करून घेतली.

विभागप्रमुखांनी मला बोलावलं. चांगला माणूस आहे, फक्त बातम्या बघून घाबरतो. म्हणाले, चूक तुझी, फायदा देशाचा, मग तुला दुखतंय कुठे? मी म्हटलं, तळटीपेत. त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळला असेल.

आता जे लिहिते ते आत्यानं हळू वाचावं.

तुम्ही सांगितलेली २२ ऑक्टोबरची भेट समितीला कळवण्याआधी मी रीतसर अध्यक्षांच्या कार्यालयाला लिहून विचारलं. चार दिवसांत उत्तर आलं. ‘माननीय अध्यक्षांनी अशा कोणत्याही पंपगृहास भेट दिलेली नाही. सदर कर्मचाऱ्याचा दावा निराधार आहे.’

का, ते कळतं. युद्ध चालू असताना पलीकडची वीज घेतलेली आपल्याला माहीत होती, असं कबूल केलं तर त्यांच्याच पक्षातले लोक त्यांना फाडून खातील. पुस्तिकेतला अध्यक्ष पुलावर उभा राहून सही करतो, त्यात धोका नाही. स्टुलावर बसलेला अध्यक्ष अडचणीचा आहे.

पण ‘निराधार’ हा शब्द तुमच्याबद्दल आहे, आणि तो आता फायलीत आहे.

एका माणसाच्या शब्दासमोर दुसऱ्या माणसाचा शब्द, अशी स्थिती आहे. माझ्या नोंदी पायरी दाखवतात, पायरी कोणी बांधली ते दाखवत नाहीत. मी समितीसमोर नोंदी ठेवीन, तुमचं पत्र ठेवीन. तुम्ही यायची गरज नाही. बसनं सहा तास लागतात, तुमचा गुडघा बरा नाही, आणि हजर राहून सांगितलं की ते अधिकृत होतं, मग खात्याला डोळेझाक करता येणार नाही. हे मी सगळं विचार करून लिहितेय. येऊ नका.

साक्ष १६ तारखेला सकाळी अकराला आहे, दुसरा मजला, खोली नंबर नऊ. हे फक्त माहितीसाठी.

– मी


१८ मार्च

बाबा,

परवा तुम्ही संध्याकाळच्या बसनं लगेच परत गेलात, त्यामुळे बरंच सांगायचं राहिलं. समोर असतात तर मला ते सांगता आलंही नसतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

मी खिडकीतून तुम्हाला फाटकातून येताना बघितलं होतं. इस्त्री केलेला खात्याचा गणवेश, छातीवर बिल्ला, काखेत लॉगबुक. तुमच्याबरोबर एक उंच, वाकलेले गृहस्थ होते. तुम्ही दोघं दारात रखवालदारासमोर वाद घालत होतात. नंतर कळलं वाद कसला होता. आत कोणी आधी जायचं, यावर तुमचं जमत नव्हतं. त्र्याण्णव दिवस दोन देशांच्या तोफा थांबवलेली माणसं एका दरवाज्यापाशी अडली होती.

तुम्ही एकमेकांना पहिल्यांदा बसस्टँडवर बघितलंत हे मला स्विचवाल्यांनी सांगितलं. म्हणाले, मी ओळखलं नाही, मग यानं विचारलं, उठलात का, तेव्हा ओळखलं.

समितीच्या बाईंनी खुर्ची पुढे केली तेव्हा तुम्ही बसला नाहीत. आधी एक काम उरकायचंय, म्हणालात. लॉगबुक उघडलंत, पेन मागितलंत, आणि १३ सप्टेंबरपासून सुरुवात केलीत. ‘बंद’वर एक रेघ, शेजारी ‘चालू’, सही, त्या दिवसाची तारीख. पुढची ओळ. दुभाष्यानं दोनदा घड्याळ बघितलं. विभागप्रमुख खोकले. मी हलले नाही. त्या बाई आधी पुढे वाकून बघत होत्या, मग त्यांनी आपली वही मिटून बाजूला ठेवली. त्र्याण्णव ओळींना एकतीस मिनिटं लागली. मी मोजत होते हे तुम्हाला माहीत असणार.

एक सांगू? मी त्या खोलीत याआधी मंत्री पाहिलेत, सेनापती पाहिलेत, पदकांनी भरलेली छाती पाहिलीय. कोणालाही आपली चूक इतक्या सावकाश, इतक्या वळणदार अक्षरात सगळ्यांदेखत दुरुस्त करताना पाहिलेलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला हळूच विचारलं, हे कोण? मी म्हटलं, पाणी खात्याचे आहेत.

हे उत्तर मला त्या क्षणापासून बोचत होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

मग तुम्ही बसलात आणि सांगितलंत. जेवढं पत्रात होतं तेवढंच, एक शब्द जास्त नाही. कार्यालयाचं ‘निराधार’ वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत, जशी हवा चांगली नाही म्हटल्यावर हलवतात तशी. बाईंनी विचारलं, अध्यक्ष खोटं बोलतायत असं तुमचं म्हणणं आहे का? तुम्ही म्हणालात, “तसं नाही. मीसुद्धा त्र्याण्णव दिवस बंद लिहिलं होतं. भीती वाटते, माणूस लिहितो. त्यांना अजून वाटत असेल.”

दुभाष्याला हे सांगायला जरा वेळ लागला.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या. त्यांना पुरस्कार मिळावा का? तुम्ही हसलात. म्हणालात, मी पंप चालवतो. पण पहिल्या टाकीचं श्रेय त्यांना देऊ नका, ते आमचं दोघांचं आहे. दुसऱ्या टाकीचं त्यांच्याशिवाय झालं नसतं. हॉस्पिटलला पाणी मिळालं, किती जण वाचले ते मला माहीत नाही, हिला विचारा, ही मोजते.

‘ही’ म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खोलीत कोणाला काही कळलं नाही.

त्यानंतर तुम्ही दोघं चहाला बाहेर गेलात, आणि इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमचं मत? आमच्या कामात मत देत नाहीत. मी तसंच सांगणार होते. पण एक वर्षापूर्वी मी ते फुकट आणि मोठ्या आवाजात दिलं होतं, आणि ते अर्धं होतं, म्हणून या वेळी पूर्ण देणं भाग होतं.

मी म्हटलं, “युद्ध सुरू करण्याचा हुकूम त्यांच्या नावावर आहे. करारानंतरचे चौदा महिनेही त्यांच्या नावावर आहेत. आणि रोजची पन्नास मिनिटं, त्रेपन्न दिवस. ती त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे आणि तीच ते नाकारतायत. पुस्तिकेतल्या कारणासाठी देऊ नका, ते कारण माझ्या चुकीवर उभं आहे. ती पन्नास मिनिटं माझी होती असं ज्या दिवशी ते स्वतः सांगतील, त्या दिवशी ते पात्र आहेत.”

त्यांनी हे सगळं लिहून घेतलं. पुरस्कार कोणाला द्यायचा ते मे महिन्यात ठरेल. आमच्या ऑफिसात पैजा लागल्या आहेत. मी लावली नाही. अध्यक्षांच्या कार्यालयाकडून पुन्हा विचारणा आलीय, या वेळी साक्षीची प्रत मागितलीय, शब्दशः. ‘भीती वाटते, माणूस लिहितो’ हे वाक्य त्यांनी वाचावं असं मला वाटतं. बाकी काही होवो. तुमच्या खात्याकडून अजून काही आलेलं नाही. आलं तर आधी मला कळवायचं, आत्याला नाही, कारण ती थेट मंत्र्याला फोन लावेल.

शेवटी बाईंनी एक छापील फॉर्म पुढे केला. नोंदी सादर करणाऱ्या तज्ज्ञानं भरायचा असतो. नाव, हुद्दा, शिक्षण, उपकरणांची यादी. त्यात सातवा रकाना असा आहे: ‘साक्षीदाराशी काही नातं असल्यास नमूद करा.’ त्यावर मला बाईंनी आपण होऊन सांगितलं की नातं निघालं तर माझ्या नोंदी आणखी एका त्रयस्थ माणसाकडून तपासून घ्याव्या लागतील, त्याला तीन आठवडे जातील, आणि माझ्या हेतूबद्दल प्रश्न निघतील. विभागप्रमुखांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तिथे काही लिहू नये. तो रकाना मी आजवर शेकडो फॉर्मांत भरलाय. ‘लागू नाही’ हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालंय की पेन आपोआप तिकडे वळलं.

तपासू देत, नोंदी खऱ्या आहेत. हेतूबद्दल विचारू देत, तोही आता स्वच्छ आहे.

मी लिहिलं, ‘मुलगी’. मग ते फार लहान अक्षरात लिहिलं गेलंय असं वाटलं, म्हणून रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी पुन्हा मोठं लिहिलं.

– तुमची मुलगी